पथारी

सुपडाबाई परवा दर्यावरून आली,
आठ दिवसांची मजुरी बुडवून.
मी काट्यावर बसतो, पोती मोजतो,
खाडे लाल शाईनं मांडतो.
तिचे आठही मांडले
आणि मग विचारलं, कसा असतो?

"काय सांगू भाऊ, पानीच पानी शे,"
एवढंच म्हणाली, आणि फडा घेऊन
मिरची उलटायला निघून गेली.

नंदुरबारच्या बाहेर हे मैदान,
माघात नजर पोचेल तिथवर लाल.
रस्त्यावरच्या गाड्या थांबतात,
माणसं नाकाला रुमाल लावून उतरतात,
फोटो काढतात, खोकतात, हसतात.
एकानं मागच्या साली विचारलं होतं,
हे इतकं लाल रात्री कसं दिसतं हो?
रात्री आम्ही नसतो इथं, म्हणालो.

बाकीचं तिनं दुपारच्या भाकरीला सांगितलं,
तुकड्या-तुकड्यानं, मध्येच पाणी पीत.
भाऊ तिचा, रुबजी, डहाणूच्या पुढं नावेवर खलाशी.
पॅसेंजरनं गेली, सुरतेला गाडी बदलली,
फडक्यात कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी.
उजाडताना पोचली तर
सुरूची झाडं, एक शहाळीवाला, त्याचं कुत्रं,
आणि वाळूवर पालथं पडलेलं शहरातलं एक जोडपं,
पाठीला तेल चोपडून.
"वाळत घातल्यासारखं," ती म्हणाली.
आम्ही सगळे हसलो.

पाणी कसं येतं ते तिनं हातानं दाखवलं:
सुपात पाखडावं तसं.
फेस अलीकडं पडतो, जड ते मागं राहतं.
जन्मल्यावर तिला सुपात लोळवलं होतं,
आधीची तीन जगली नव्हती.
म्हणून सुपडा.
पाखडणं तिला कळतं.

पहिल्या दिवशी तिनं हात बुडवले पाण्यात
आणि किंचाळली.
बोटांच्या चिरांत वीस वर्षांची मिरची.
शहाळीवाला धावत आला, जेलीफिश चावला का?
नाही, नाही, म्हणाली, माझंच आहे.

दोन दिवस पाहुण्यासारखी बसली.
बांबूंवर बोंबील लटकलेले, जबड्यात जबडा अडकवून,
खाली ताडपत्रीवर जवळा पसरलेला, गुलाबी,
कोपऱ्यांना दगड.
जोडपं त्याचेही फोटो काढून गेलं.
तिसऱ्या दिवशी ऊन कललं
आणि धाकलूबाई, जिचा तो जवळा,
नातवाला शोधत वस्तीत गेलेली.
दव पडणार.
दव पडणार हे सुपडाबाईला
पायाच्या घोट्याला कळतं.

तर ती उठली.
कुणी सांगितलं नाही.
कडेकडेनं आत लोटत आणला ढीग,
तळव्यानं नाही, हाताच्या पाठीनं,
आपण लोटतो तसा,
आणि ताडपत्रीची टोकं उलटी घातली.
धाकलूबाई आली, ढिगाकडं बघितलं,
मग हातांकडं.
"कुठल्या गावची गं तू?"
सुपडाबाई म्हणाली, "मिरचीची."

पुढचे पाच दिवस तिनं तिथंही कामच केलं.
"मग गेलीस कशाला?" जमनीनं विचारलं.
यावर ती बराच वेळ भाकरी चावत राहिली.
"तिथं खोकला येत नाही," म्हणाली.

पदराच्या गाठीत मूठभर जवळा आणला होता.
तव्यावर कांद्यात परतला मुकादमाच्या पत्र्याखाली,
चिमूट-चिमूट आला वाट्याला.
माझ्या दातात वाळूचा एक कण लागला.
थुंकलो नाही.

त्या रात्री घरी गेलो नाही.
काट्यापाशी गोणपाट टाकून पडलो,
त्या प्रवाशाचा प्रश्न उगाच डोक्यात.
लाल नसतं.
अंधार पडला की मैदान नुसतं मैदान,
रस्त्यावरून एखादा ट्रक जातो तेवढं उजळतं, मिटतं.
पण पहाटे वारं सुटलं तापीकडून
आणि सुकलेल्या हजारो मिरच्यांच्या पोटात
बिया हलायला लागल्या,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत,
थांबून, पुन्हा.

सकाळी वही उघडली.
आठ खाडे तसेच होते.